लाँच भरेपर्यंत

जेवताना भांडण काढू नये, हा नियम या घरात एकटी आत्या पाळायची, आणि तोही पोटात भूक असली तरच. त्या दुपारी तिला कडकडून भूक लागली होती. म्हणून दादाने ताटाशेजारी फोटोंचं पाकीट आपटलं तेव्हा तिने मान वर केली नाही. दादा तिचा थोरला भाऊ. त्याला आपटायला काहीतरी लागायचंच. पाकीट नसतं तर पेला आपटला असता.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," दादा म्हणाला. "बघा. सकाळची लाँच, दुपारची लाँच, भर पावसातली लाँच. एक तरी जागा रिकामी दिसते का?"

दिसत नव्हती. महिनाभर धाकट्या भावाने धक्क्यावर उभं राहून हे फोटो काढले होते. माणसं दाटीवाटीने बसलेली, कडेला पिशव्या, मांडीवर पोरं, आणि मागे दोन्ही काठांना पुरून उरेल एवढी नदी. चार वाजता पलीकडच्या काठावर, नगरभवनात, सुनावणी होती. नदीवर पूल बांधायचा की नाही, याबद्दल ज्याला बोलायचं त्याने बोलावं, असं सरकारने जाहीर केलं होतं. पूल झाला की लाँच संपली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दोन लाँच, त्यांच्यावर पोट असलेली माणसं, धक्क्यावरची तिकीट खिडकी, आणि हे घर, सगळं त्या चार वाजण्याला टांगलेलं होतं.

दादाचा बेत सरळ होता. लोक समाधानी आहेत, लाँच भरून जाते, पुलाची गरज नाही, एवढं सांगायचं. आणि ते सांगायला घरचीच अर्थतज्ज्ञ असताना बाहेरची कशाला शोधायची?

घरची अर्थतज्ज्ञ समोर बसून ताटातला घास इकडून तिकडे ढकलत होती. दादाची एकुलती एक लेक. हिला सगळे चौकशी म्हणत, कारण हिचं लहानपण आत्याच्या तिकीट खिडकीशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याचा जीव खाण्यात गेलं होतं. कुठे चाललात, कशाला चाललात, लाँच नसती तर काय केलं असतंत? लोक वैतागायचे, पण उत्तर द्यायचे. पुढे तिने अर्थशास्त्र शिकायचं काढलं तेव्हा दादा म्हणाला होता, पैसे मोजायला शिकायचं तर कॉलेज कशाला, आत्याची खिडकी आहे की. धाकट्यानेही री ओढली होती. तेव्हा आत्याने दोघा भावांशी आठ दिवस अबोला धरला. तिच्यासारख्या बोलक्या बाईला आठ दिवस म्हणजे वनवासच, पण नवव्या दिवशी दादाने कॉलेजची फी भरली.

आता तीच चौकशी एका मोठ्या संस्थेत काम करत होती, आणि काल रात्री कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आली होती. आल्यापासून ती गप्प होती. चौकशी गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे आत्याला कळत होतं. पण भूक लागली होती.

"बाबा, हे फोटो नेऊ नका," चौकशी म्हणाली.

"का? चांगले आले नाहीत?"

"चांगले आलेत. पण लाँच भरल्याशिवाय आपण सोडतच नाही. मग ती भरलेलीच दिसणार."

आत्याचा हात ताटातच थांबला.

लाँच भरल्याशिवाय सोडायची नाही, हा अप्पांचा नियम. अप्पा म्हणजे या तीन भावंडांचे वडील. त्यांच्या काळी वल्ह्यांची होडी होती. रिकामी होडी ओढायलाही तेवढाच घाम लागायचा, म्हणून त्यांनी ठरवलं की माणसं पुरती झाल्याशिवाय दोर सोडायचा नाही. सवलत दोघांनाच, अडलेली बाळंतीण आणि मढं. त्यांच्यासाठी घंटा तिथल्या तिथे वाजायची. पुढे वल्ही गेली, इंजिनं आली, अप्पाही गेले, आणि नियम राहिला. धक्क्यावर पाटी लावून राहिला. आणि त्याच घरातली माणसं लाँच कधी रिकामी जात नाही म्हणून छाती फुगवून फिरत होती. इतकी साधी गोष्ट, पण कुणी कधी या दोन टोकांची गाठ घातली नव्हती. आत्याने स्वतः रोज त्याच हिशेबाने घंटा दिली होती, आणि तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"सरकारी खात्याची अर्थतज्ज्ञ तिथे असणार आहे," चौकशी सांगत होती. "ती एकच विचारेल, भरायला वेळ किती लागतो? भरलेली लाँच बघून लोक खूश आहेत हे कळत नाही, बाबा. लोक थांबलेत, एवढंच कळतं."

धाकटा मध्ये पडला. तो लाँचची इंजिनं सांभाळायचा आणि दादाच्या प्रत्येक वाक्याला दुरुस्तीसारखा हात लावायचा. लाँचमधल्या लोकांना विचारून बघ, तो म्हणाला, कुणी तक्रार करत नाही. शितावरून भाताची परीक्षा.

"होते ना, काका. पण जो तांदूळ भांड्यात पडलाच नाही, त्याची परीक्षा कशी करणार? मी त्यांनाच विचारायला गेले होते."

मग तिने सांगितलं. विद्यार्थ्यांना घेऊन ती पलीकडच्या काठावर घरोघर हिंडली होती. जे लाँचने येतात त्यांच्याकडे नाही, जे येत नाहीत त्यांच्याकडे. एका नर्सला इकडच्या दवाखान्यात जागा मिळाली होती, पण कामावर वेळेत पोचेन असं छातीवर हात ठेवून सांगता येईना, म्हणून तिने नाही म्हटलं. एक फुलं पिकवणारा निम्मी फुलं बांधावर टाकून देतो, कारण बाजार उठायच्या आत पोचू की नाही याची खात्री नाही. मोठ्या वर्गाची शाळा फक्त अलीकडे आहे, तर तिकडच्या कितीतरी पोरी धाकट्या वर्गातूनच घरी बसल्या. आणि यातल्या एकानेही लाँचला नावं ठेवली नाहीत. लाँच चांगली आहे हो, म्हणाले, आमचंच जमलं नाही.

"जन्म आणि मरण यांना आपण थांबवत नाही," चौकशी म्हणाली. "मधल्या सगळ्या आयुष्याला थांबवतो."

"कॉलेजात असली वाक्यं शिकवतात काय?" दादाचा आवाज खाली आला होता, आणि दादाचा आवाज खाली आला की आत्याला जास्त भीती वाटायची. "आडवळण नको. तुझ्या कागदात शेवटी काय लिहिलंय?"

"पूल व्हायला हवा, असं लिहिलंय."

वहिनीच्या, म्हणजे चौकशीच्या आईच्या, हातातलं पातेलं ओट्यावर टेकलं. मग दादा, कुणाकडेही न बघता, म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

चौकशी मागे हटली नाही. मी आधीच म्हणाले होते की बघेन, आणि जे दिसेल ते लिहीन, असं ती म्हणाली. दादाने त्यातलं फक्त 'लिहीन' ऐकलं होतं. ही लाँच माझ्या वडिलांची आहे, हे तिने कागदाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. आणि शेवटी आणखी एक पान होतं. पुलाचा फायदा होणारी माणसं वेगळी आणि तोटा होणारी वेगळी. फायदा एवढा मोठा आहे की त्यातून तोटा भरून निघू शकतो, पण तो आपोआप भरत नाही, मागावा लागतो. लाँचवरच्या प्रत्येक माणसाचं पुढे काय, हे ठरल्याशिवाय पुलाचा एक दगडही बसवू नये, असं त्या पानावर होतं.

"म्हणजे भीक मागायची," दादा म्हणाला.

"भरपाईत इंजिनंही धरलीस का गं?" धाकट्याने विचारलं.

आत्याने त्याच्याकडे बघितलं. आत्ता आत्तापर्यंत हा दादाच्या मांडीला मांडी लावून बसला होता. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात, पण हा वासा जरा जास्तच चपळ निघाला. आणि जिने आजवर लेकीची बाजू कधी सोडली नव्हती ती वहिनी आज नवऱ्यामागे जाऊन उभी राहिली. चारचौघांत बापाला खाली बघायला लावायचं, याच्यासाठी शिकलीस का, असं ती बोलली आणि स्वतःच रडायला लागली. घटकेत घराच्या दोन्ही बाजू उलट्यापालट्या झाल्या. मध्ये राहिली एकटी आत्या.

दादाने पाकीट उचललं. "तू घरी बस. मी बोलेन. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची मला गरज नाही."

"सुनावणी सगळ्यांना खुली आहे, बाबा."

"मग तिकीट काढून ये."

घरच्या माणसाने लाँचचं तिकीट काढायचं, हे या घरात आजवर झालं नव्हतं. कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. दादा आत्याकडे वळला. तुझं काय म्हणणं, असं त्याने विचारलं नाही, नुसतं बघितलं. चौकशीनेही बघितलं. आत्या उठली, हात धुतले, आणि खिडकी उघडायची वेळ झाली म्हणून चपला घातल्या. अर्धं ताट तसंच राहिलं. धक्क्याकडे जाताना वाटभर ती स्वतःला शिव्या घालत होती.

तिकीट खिडकी म्हणजे एक अरुंद खोली. त्यात बसकी खुर्ची, खुर्चीवर आत्याने स्वतः शिवलेली गादी, तिकिटांची गुंडाळी, आणि डोक्यावरून खाली आलेला घंटेचा दोर. तिकिटं जागांएवढी झाली की दोर ओढायचा, घंटा वाजली की लाँच सुटायची. आत्याचं लग्न झालं नाही. पण या खोलीमुळे तिला 'बसून खाते' असं म्हणायची घरात कुणाची छाती झाली नाही. भाऊ नदीवरचे मालक असतील, पण त्यांची लाँच तिच्या हाताने सुटायची. ही खुर्ची गेली तर उरलेल्या दिवसांत ती कोण? वहिनीच्या स्वयंपाकघरातली एक जास्तीची बाई. हे तिने कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, पण पुलाची पहिली बातमी आली तेव्हापासून तिला झोपेतसुद्धा याचीच धास्ती होती.

खिडकीत चौकशीचा हात आला. हातात नाणी होती.

"ठेव ती खिशात," आत्या म्हणाली.

"नको. बाबांनी सांगितलंय ना."

बापलेक एकाच मातीचे. आत्याने नाणी घेतली आणि तिकीट फाडून दिलं. मग बराच वेळ आत दाबून ठेवलेलं तिने विचारून टाकलं. पूल झाला तर ही खिडकी राहील का?

"नाही," चौकशी म्हणाली.

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं आत्याला क्षणभर वाटलं. मग वाटलं, खोटंच बोलायचं असतं तर हिच्यासाठी आठ दिवस तोंड बंद कशाला ठेवलं असतं? तरी राग आलाच. शेवटच्या पानावर तुझंही नाव आहे, असं चौकशी सांगत होती, तर आत्या फणकारली की मला पान नको, खुर्ची हवी.

"एवढी शिकलीस तर एक सांग," ती म्हणाली. "तुम्ही लोक नक्की करता काय? रेडिओवर येता, महागाई वाढेल म्हणता, आणि ती वाढते. वाढू नये म्हणून काही शिकवत नाहीत का?"

आल्यापासून चौकशी पहिल्यांदा हसली. तेही करणारे आहेत, म्हणाली, मला नाही जमत. मग खिडकीच्या फळीवर कोपरं टेकून, लहानपणी उभी राहायची तशी उभी राहिली.

"मी एकच विचारते, आत्या. हे मिळालं, ते कशाच्या बदल्यात? खरी किंमत तिकिटावर छापलेली नसते. जे सोडून द्यावं लागलं, ती किंमत. फुलं बांधावर पडली ती, नर्सने नोकरी सोडली ती. लाँच डोळ्यांना दिसते, ते दिसत नाही. म्हणून ते बघायला कुणीतरी शिकावं लागतं. नाहीतर ज्याचं दिसतं त्याचंच खरं धरलं जातं." आणि मग तिची जुनी खोड जागी झाली. "तुला ही खिडकी कशाच्या बदल्यात मिळाली?"

"बदल्यात कसली? आयती मिळाली. जा, लाँच लागलीये."

चौकशी धक्क्यावरून टाकलेल्या फळीवरून उतरून लाँचमध्ये जाऊन बसली. दादा पुढच्या टोकाला होता, पाकीट मांडीवर धरून. ती मागच्या टोकाला, कागद मांडीवर धरून. मधली बाकं जवळपास रिकामीच. दुपारच्या वेळी लाँच भरायला नेहमीच उशीर व्हायचा, आणि त्यात आज बसही आली नव्हती.

आयती मिळाली म्हणे. आत्याला स्वतःच्याच उत्तराचा राग आला.

ती शिक्षिका होणार होती. पलीकडच्या काठावर शिक्षिका घडवणारं विद्यालय होतं, अजूनही आहे. तिने परीक्षा दिली होती, पास झाली होती, आणि फक्त तोंडी मुलाखत राहिली होती. त्या सकाळी नवी साडी नेसून ती होडीत जाऊन बसली आणि होडी भरेना. घरच्यांनाही तोच नियम, अप्पा म्हणाले, नाहीतर लोक काय म्हणतील? सुकाणूवर दादा होता, मिसरूड फुटलेला पोरगा. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने नदीकडे. ती पोचली तेव्हा मुलाखती संपून शिपाई खुर्च्या उचलत होता. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले सगळे. पुढच्या वर्षीपर्यंत खिडकीवर बस, म्हणाले अप्पा. पदरी पडलं आणि पवित्र झालं. तिने त्याला नशीब म्हटलं आणि विषय मिटवला, कारण नशीब म्हटलं की कुणाशी भांडावं लागत नाही.

धाकटा घाईघाईने खिडकीशी आला. "घंटा दे. आत्ता निघालो तरच चारला पोचू."

"किती भरली?"

"अर्धीसुद्धा नाही."

"दादाने सांगितलंय का सोडायला?"

"तो कशाला सांगेल?" धाकट्याने आवाज दाबला. "आपण पोचलो नाही तर सुनावणी पुढच्या वर्षावर ढकलतील. लाँचवाल्यांचं ऐकल्याशिवाय त्यांना ठरवता येत नाही. हे त्याच्या ध्यानात आलंय. म्हणून नियम मांडीखाली घेऊन गप्प बसलाय. भरेपर्यंत हलणार नाही, म्हणतो."

आत्याने पाहिलं. खरंच दादा हाताची घडी घालून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जेवतानाचा राग नव्हता. आणि चौकशी पाण्याकडे बघत होती. तिने बापाकडे मागितलं नाही, आत्याकडेही मागितलं नाही.

आत्याला हायसं वाटलं. म्हणजे काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं, नियमाने. कुणी तिला बोल लावू शकणार नव्हतं. दोराला हात लावायचा नाही, एवढंच, आणि खिडकी आणखी एक वर्ष राहणार होती, कदाचित जास्तही. भरली की देईन घंटा, असं तिने धाकट्याला सांगितलं. तो पाय आपटत गेला.

वेळ जात होता. एक म्हातारा आला, तिकीट काढून बसला. दोन बायका आल्या. मग लाँचमधून एक पोरगी उठली आणि फळी ओलांडून खिडकीशी आली. विशीची असेल, हातात घडी केलेला कामाचा झगा होता. तिकडच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला जात असणार.

"तिकीट परत घ्याल का?" तिने विचारलं. "आता जाऊन उपयोग नाही. वेळ टळली की फाटक लावून घेतात. आज पहिलाच दिवस होता."

अशी माणसं रोज परत यायची. आत्या तिकीट घ्यायची, नाणी द्यायची, आणि 'उद्या लवकर ये गं' म्हणायची. तोंडात बसलेलं वाक्य होतं ते. आजही ओठांपर्यंत आलं. पण पोरीची साडी नवी होती. घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. आत्याने त्या रेषा बघितल्या, आणि तिला एकदम रडूच फुटलं. किती जणींना आपण उद्या ये म्हणालो? आणि त्यातल्या किती उद्या आल्या? हे बघायला चौकशीला नदी ओलांडून घरोघर हिंडावं लागलं, आणि ही सगळी माणसं याच खिडकीतून, तिच्या डोळ्यांदेखत, परत गेली होती.

"जा, बस जाऊन," ती त्या पोरीला म्हणाली. "तुझी पाळी चुकणार नाही."

आणि तिने दोर ओढला.

लाँचमधली सगळी डोकी वळली. सुकाणूवाल्याने आधी रिकाम्या बाकांकडे बघितलं, मग दादाकडे. आत्याने खिडकीचं दार लावलं, बाहेर येऊन कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली, आणि फळीवरून लाँचमध्ये उतरली. भरदिवसा खिडकी बंद करण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. पदर खोचून ती दादासमोर जाऊन उभी राहिली.

"लाँच भरली नाही," दादा म्हणाला.

"दिसतंय मला."

"मग घंटा कशी दिलीस? कुणी बाळंतीण आहे? कुणी मेलंय?" तो शांतपणे बोलत होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "अप्पांच्या नियमाला माझ्या हयातीत तडा जाणार नाही. जाऊन खिडकी उघड."

"अप्पांच्या वेळी वल्ही होती, दादा."

"तू कुणाच्या बाजूची आहेस ते एकदा ठरव. हा पूल झाला तर पहिली तुझी खुर्ची जाईल, कळतंय का?"

"कळतंय. तुझ्या लेकीने तोंडावर सांगितलंय." आत्याने मागे हात केला. "ती बाकं बघ. रिकामी आहेत ना? त्यातली एक जागा माझी आहे. त्या सकाळी सुकाणूवर तू होतास."

नवी साडी, न भरलेली होडी, आणि आपण नदीकडे फिरवलेली मान, यातलं काहीही दादा विसरला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं. एवढी वर्षं एका ताटात जेवून दोघांनी तो विषय काढला नव्हता. आत्याला वाटायचं तो विसरला असेल, आणि दादाला वाटत असणार तिने माफ केलं असेल.

मागे नव्या साडीतली पोरगी फळीवरच अवघडून उभी होती. आत यावं की परत जावं, तिला समजत नव्हतं. दादाने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग तो उठला, पाकीट बाकावर ठेवलं, तिला हाताने आत ये म्हणून खुणावलं, आणि खुंट्याचा दोर स्वतःच्या हाताने सोडला. इंजिन सुरू झालं.

लाँच नदीच्या मध्याकडे निघाली. आत्या चौकशीशेजारी बसली होती, आणि चौकशी अर्थातच कानाशी लागून विचारत होती, कुठली सकाळ, कसली जागा? तू विचारलंस ना कशाच्या बदल्यात, आत्या म्हणाली, तर तिकडे उतरलो की डाव्या हाताला एक पिवळी इमारत लागेल, ती दाखवते. चौकशीने तिचा हात घट्ट धरला. पुढे काही विचारलं नाही, आणि चौकशीने काही न विचारणं ही मोठीच गोष्ट होती.

दादा त्यांच्याकडे आला. तोल सांभाळत, बाकांना धरत, आपल्याच लाँचमध्ये पाहुण्यासारखा. त्याचे हात रिकामे होते. फोटोंचं पाकीट पुढच्या बाकावरच राहिलं होतं.

"ते आपल्या माणसांचं पान," तो लेकीला म्हणाला. "कुठलं ते?"

"शेवटचं."

"ते आधी वाच. पूल नंतर." तो तिच्या दुसऱ्या बाजूला बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "इंजिनाचं राहू दे. सुकाणूवाल्याचं आणि आत्याचं नीट लिहिलंयस ना?"

चौकशीने मान डोलावली आणि गठ्ठ्यातून शेवटचं पान काढून सगळ्यात वर ठेवलं. दादाने खिशातून चष्मा काढला आणि ओठ हलवत वाचायला सुरुवात केली.

आत्याने मागे वळून पाहिलं. धक्का लांब गेला होता, आणि धक्क्यावर तिची खिडकी होती, बंद. सगळा जन्म ती तिने आतूनच पाहिली होती. पाण्यावरून ती एवढी लहान दिसते, हे तिला ठाऊकच नव्हतं.